एक सही आणि चार गाड्या

नोव्हेंबर महिना आला की आमच्या आईची एक ठरलेली लगबग सुरू होते. दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच तिची कापडी पिशवी खुंटीवरून खाली येते. त्यात पासबुक, आधार कार्ड, पेन्शनचं जुनं पुस्तक, चष्मा आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला बाबांचा एक फोटो. फोटो कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ‘‘त्यांच्या नावानं पैसं घ्यायला जायचं आन् त्यांनाच घरी ठेवायचं व्हय?’’ असं उत्तर मिळालं. त्यानंतर मी विचारलेलं नाही.

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांच्या माघारी आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ते सुरू राहायचं तर दर वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘मी हयात आहे’ असं सांगावं लागतं. बँकेत यादी येते, यादीतल्या आपल्या नावापुढे सही करायची. बस्स, एवढंच काम. आता यासाठी डिजिटल सोयही आहे. 2014 पासून ‘जीवन प्रमाण’ आहे, 2021 पासून तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं. पण आमच्या गावातल्या केंद्रात आईच्या बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. साठ वर्षं शेण-माती, भांडी आणि धुणी करून बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. मोबाइलवरच्या चेहऱ्याचा प्रयोग माझ्या भाच्याने करून बघितला, तर ऐन वेळी रेंज गेली. ‘‘जाऊ दे बाबा,’’ आई म्हणाली, ‘‘मी अजून चालती-बोलती हाय, तर चालत जाऊनच सांगीन.’’

बाबा निवृत्त झाले तेव्हा कराडला होते, त्यामुळे खातं कराडच्या शाखेत. आणि आई राहते पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका लहानशा गावात. दर वर्षी मी किंवा भाऊ गाडी घेऊन जातो, दोन-तीन तासांत सही उरकून येतो. गेल्या वर्षी मात्र भाऊ परगावी आणि आमची गाडी नवऱ्याबरोबर नाशिकला एका लग्नाला. मी म्हटलं, भाड्याची गाडी करू. आई म्हणाली, ‘‘कशापायी? एरवी पासबुक भरायला मी एसटीनंच जातीया की.’’

एरवी? म्हणजे कधी? तर दर दोन-तीन महिन्यांनी. एकटीच. वय वर्षं शहात्तर. आणि हे पुण्यात बसलेल्या मला ठाऊकच नव्हतं!

गावातून पाटणला जाणारी पहिली गाडी सकाळी साडेसहाची. ती रात्रीच येऊन गावात मुक्काम करते, म्हणून तिचं नाव मुक्कामी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री देवळात झोपतात आणि सकाळी गाव उठवतात. पाच वाजताच आईची अंघोळ, देवपूजा, भाकऱ्या सगळं आवरलेलं. मी अर्धवट झोपेत चहाचा कप तिच्यापुढे धरला, तर म्हणाली, ‘‘नगं. तू घे.’’ मला वाटलं, उपास असेल.

गाडीत निम्मी गर्दी शाळा-कॉलेजच्या मुलींची. पुढच्या सीटवर दुधाच्या किटल्या, मागे कोथिंबिरीची गाठोडी, मध्ये एक बाई कोंबडा घेऊन. कंडक्टर सगळ्यांना नावानिशी ओळखणारे. आईकडे बघून म्हणाले, ‘‘काय आजी, आज लेक आणलीय का सोबतीला?’’ आईने आधार कार्ड पुढे केलं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत झाला. तरी शून्य रुपयांचं तिकीट मशीनमधून निघतंच, आणि आई ते नीट घडी घालून कनवटीला लावते. माझं अर्धं तिकीट. 17 मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना निम्मं भाडं आहे. कॉलेजात असताना पाससाठी रांगेत उभी राहिलेली मी, पन्नाशीत पुन्हा सवलतीत बसले म्हणून मला उगीचच हसू आलं.

अठरा किलोमीटरला एक तास. कारण गाडी प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक वाडीला, हात दाखवेल तिथे थांबते. कुणी धावत येतंय असं दिसलं की थांबते. एका वाडीपाशी तर कुणीच नव्हतं, तरी थांबली. ‘‘त्या पोरीचा पेपर हाय आज,’’ कंडक्टर म्हणाले. दोन मिनिटांनी वेणीचं रिबिन दातात धरून एक मुलगी बांधावरून पळत आली. माझं लक्ष घड्याळाकडे. पाटणहून आठची कराड गाडी चुकली तर? आई शांतपणे खिडकीतून बाहेर बघत होती. ‘‘आठची गेली तर पुढची यील. बँक काय पळून चाललीया?’’

आठची मिळाली. पण नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, म्हणजे कारखान्यांची धुराडी पेटलेली आणि गुहागर-विजापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर लोंबतोय, आणि वर टेपवर गाणी. तो हत्तीच्या चालीने पुढे आणि आमची गाडी त्याच्या मागे. ओव्हरटेक करावं तर समोरून रिकाम्या ट्रॉल्या. नवारस्ता गेलं, मल्हारपेठ गेलं, विजयनगर आलं. एवढ्या वेळात मी पुण्याहून साताऱ्याला पोहोचले असते, असा हिशेब मनात चाललेला. आईला म्हटलं, ‘‘वडापने आलो असतो तर लवकर आलो असतो.’’ ‘‘त्या जीपड्यात? बाप्यांच्या मांडीला मांडी लावून? एसटीत बाईमाणसाला बाईमाणसाशेजारी जागा मिळती. कुणी वंगाळ वागलं तर कंडक्टर हाय. उशीर हुतो, पण काळजी न्हाई.’’

मला आठवलं, माझं सगळं कॉलेज याच भरवशावर झालं होतं. गावातल्या पहिल्या चार मुली ज्या शिकायला बाहेर पडल्या, त्या एसटी गावात येत होती म्हणूनच. बाबा एरवी कुठेही एकटीला जाऊ द्यायचे नाहीत. पण ‘एसटीनं जातीय’ म्हटलं की गप्प. 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एसटीची पहिली गाडी निघाली. तेव्हापासून या लाल गाडीने महाराष्ट्रातल्या किती पोरींना उंबऱ्याबाहेर काढलं असेल, त्याची मोजदाद कोण करणार? मीही गाडी घेतल्यावर ते विसरूनच गेले होते.

साडेनऊला कराड. मी स्टँडवर उतरल्या उतरल्या पाण्याची बाटली घेतली, आईपुढे धरली. ‘‘मला न्हाई तहान.’’ मी घटाघटा प्यायले. चहा विचारला, नको. पोहे विचारले, तर चार घास खाल्ले आणि वर पाणी नाही. ‘‘अगं, ठसका लागेल!’’ ‘‘न्हाई लागत. सवं हाय.’’ एवढ्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला.

बँकेचं वर्णन करत नाही. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांची गर्दी जिथे असते तिथे सगळीकडे तेच चित्र असतं. काठ्या, कानटोप्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सहा खुर्च्यांवर वीस म्हातारी माणसं. आमचा टोकन नंबर एकोणसाठ. काउंटरवर सतरा चालू. मध्येच सिस्टिम बंद, मग जेवणाची सुट्टी. काउंटरवरची मुलगी बिचारी शांतपणे बोलत होती. पण ती एक आणि समोर माणसं शंभर. मला अकराच्या सुमारास बाथरूमला जायचं होतं. विचारलं, तर ‘‘फक्त स्टाफसाठी आहे, मॅडम.’’ मी जरा आवाज चढवला, मग शिपायाने किल्ली दिली. आईला म्हटलं, ‘‘चल, तूही जाऊन ये.’’ ‘‘मला न्हाई जायाचं.’’ पहाटे पाचपासून अकरापर्यंत सहा तास! शेजारी बसलेली एक आजी हसून म्हणाल्या, ‘‘आम्हाला नाही लागत हो बाई. पाणीच पीत नाही ना आम्ही बँकेत यायच्या दिवशी.’’ आणि मग बाकावरच्या तिघी-चौघी माना डोलवायला लागल्या. जणू काही सगळ्यांनी मिळून घेतलेलं व्रत!

एक वाजून दहा मिनिटांनी आमचा नंबर आला. आईने पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि यादीतल्या आपल्या नावापुढे सही केली. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, एकेक अक्षर सुटं. काना ओढायला वेळ, वेलांटीला वेळ. मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, ‘‘अंगठा लावा की आजी, पटकन होईल.’’ आईने मान वर न करता सांगितलं, ‘‘मला सही येतीया.’’ बाबांनी कंदिलाच्या उजेडात पाटीवर गिरवून घेतलेली सही आहे ती. त्या मुलीने शिक्का मारला. झालं. अर्ध्या मिनिटाचं काम.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, ‘‘चल, दीडची गाडी मिळेल.’’ तर आई उलट्या दिशेने चालायला लागलेली! ‘‘आता आलोय तर जरा जाऊन येऊ.’’ मग कळलं की कराडची वारी म्हणजे नुसतं पासबुक नव्हे. आधी एका ठरलेल्या कासाराकडे बांगड्या. तो तिला ‘मावशी’ म्हणतो आणि दोन बांगड्या जास्तीच्या घालतो. मग एका दुकानातून नातवंडांसाठी राजगिऱ्याचे लाडू. मग रिक्षाने प्रीतिसंगम. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात, त्या घाटावर ती पाय पाण्यात सोडून बसली. पिशवीतून भाकरी काढली, बाबांचा फोटो काढला, पुसला आणि परत ठेवला. ‘‘हे इथं नोकरीला असताना रविवारी आणायचं मला. यशवंतरावांच्या समाधीपाशी बसायचो. तवा एवढी झाडं नव्हती.’’

मी तीन वर्षं तिच्या मागे लागले होते की खातं पाटणला बदलून घे, कशाला कराडपर्यंत खेपा? दर वेळी ती काहीतरी कारण सांगायची. त्या घाटावर मला ते कारण कळलं. दोन-तीन महिन्यांतला हा एक दिवस तिचा स्वतःचा असतो. सून नाही, गुरं नाहीत, शेजारीण नाही. मी तिची सोय बघत होते आणि त्या सोयीत तिचा हा दिवस जाणार होता.

पण खरी गोष्ट यापुढेच आहे. पावणेतीनला आम्ही स्टँडवर आलो. ऊन चांगलंच होतं. फलाटाकडे चालता चालता आईने माझा दंड घट्ट धरला. ‘‘जरा थांब गं. समदं फिरतंय.’’ मी वळून बघेपर्यंत ती खाली बसली होती. चेहरा घामेजलेला, ओठ पांढरे. माझ्या पोटात गोळाच आला. फुलं विकणारी एक बाई धावत आली, कुणी पाणी शिंपडलं, कुणी कांदा आणायला पळालं. एका रिक्षावाल्या दादांनी काही न विचारता आईला उचलून रिक्षात बसवलं आणि जवळच्या दवाखान्यात आणून सोडलं. पैसे देते म्हटलं, तर ‘‘आधी आजींचं बघा.’’

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, ब्लड प्रेशर घेतलं. एकशे ऐंशी-शंभर. ‘‘गोळी चालू आहे ना? आज घेतली का?’’

आई गप्प.

‘‘आजी, गोळी घेतली का?’’

‘‘गाडीनं जायाच्या दिवशी न्हाई घेत मी.’’

‘‘का?’’

आई माझ्याकडे बघेना. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, ‘‘ती गोळी घेतली की सारखं जावं लागतं. गाडीत कुठं जायाचं? म्हणून गोळी बी न्हाई आन् पाणी बी न्हाई.’’

मला काय बोलावं सुचेना. ‘एरवी मी एकटीच जाते’, हे तिने किती सहज सांगितलं होतं! आणि त्या प्रत्येक खेपेला ती बारा-तेरा तास बिनपाण्याची, बिनगोळीची असायची. वर्षातून दोनदा तरी तिला ‘उन्हाळं लागतं’, म्हणजे लघवीला जळजळ होते, ताप येतो. आम्ही म्हणायचो, वय झालं. हे वय नव्हतंच, हा प्रवास होता.

डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका हेच करतात. शिक्षिका, नर्स, बाजाराला येणाऱ्या. मीसुद्धा कॉलेजला एसटीने जायचे तेव्हा करायची.’’ मग त्यांनी आम्हा दोघींना समजावून सांगितलं. शरीरातलं पाणी कमी झालं की लघवी कमी आणि दाट होते, ती तासन्‌तास तुंबवून ठेवली की जंतूंना वाढायला सवड मिळते. बायकांचा मूत्रमार्ग पुरुषांपेक्षा आखूड, त्यामुळे संसर्ग लवकर वर सरकतो. म्हातारपणी तहानेची जाणीवच कमी होते, म्हणजे ‘तहान नाही’ याचा अर्थ ‘पाण्याची गरज नाही’ असा होत नाही. आणि ब्लड प्रेशरची गोळी एक दिवसही आपल्या मनाने बंद करायची नाही. ‘‘तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मला प्रवास असतो, गोळीमुळे जावं लागतं. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते. पण तुम्ही सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कसं?’’

सांगणार कसं? हाच तर प्रश्न आहे. आपल्याकडे बाईने गुडघे दुखतात हे चारचौघांत सांगावं, डोकं दुखतं हे सांगावं, पण ‘मला जायचं आहे’ हे सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मुंबईत 2011 च्या सुमारास ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली तेव्हा त्या नावालाच कितीतरी लोक हसले होते. मीही त्यातलीच. पेपरात वाचलं होतं, पान उलटलं होतं. माझ्याच घरातली बाई त्या बातमीतली आहे, हे मला त्या दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर समजलं.

तासाभराने आईचं ब्लड प्रेशर उतरलं. पोटात गोळी गेली, दोन ग्लास पाणी गेलं, चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टरीण बाई जा म्हणाल्या. मी म्हटलं, आता गाडी करूनच जायचं. आई हट्टाला पेटली. ‘‘तीन हजार रुपये? माझं आख्खं औषध बसंल त्यात. मला काय झालंय? पाणी न्हवतं पोटात, आता हाय.’’ डॉक्टरीण बाई हसून म्हणाल्या, ‘‘बसने गेलात तरी चालेल, पण पुढची सीट आणि बाटली हातात.’’

आता खरा पेच घड्याळाचा. गावची मुक्कामी गाडी पाटणहून संध्याकाळी सातला सुटते. ती चुकली तर रात्र पाटणच्या बाकावर. सव्वापाचची गाडी फलाटाला लागायची होती. पाच वाजता मी म्हटलं, ‘‘आई, चल, जाऊन ये.’’ ‘‘गाडी सुटली म्हंजे?’’ स्टँडवर स्वच्छतागृह होतं, पन्नास पावलांवर. म्हणजे सोय नव्हती असंही नाही. पण एकट्या बाईने जायचं तर पिशवी कुणाकडे द्यायची? रुमाल टाकून धरलेली जागा जाईल. आत असताना गाडी सुटली तर? या धास्तीनेच ती आजवर कधी गेली नव्हती. मी पिशवी घेतली, कंडक्टरांना शोधलं. एक ताई होत्या, खाकी साडीतल्या. म्हटलं, ‘‘माझी आई जाऊन येतेय. थांबाल ना?’’ ‘‘अहो, जाऊ द्या की सावकाश. माझ्या डबल बेलशिवाय गाडी हलत नाही!’’

इतकं सोपं होतं. विचारायचाच अवकाश होता.

परतीच्या वाटेवर पुन्हा तोच ऊस. मल्हारपेठच्या अलीकडे एका ट्रॉलीचं चाक निखळलं होतं, अर्धा रस्ता ऊसच ऊस. गाड्या दोन्हीकडे थांबलेल्या. सहा वाजले. सव्वासहा. साडेसहा. अंधार पडला. लोक उतरून ऊस बाजूला करायला लागले, पोरं ऊस खायला लागली. माझा जीव टांगणीला. पाटण अजून लांब आणि सात वाजता मुक्कामी गाडी सुटणार. मी चौथ्यांदा घड्याळ बघितलं तेव्हा कंडक्टर ताईंनी विचारलं, ‘‘पुढं कुठं जायचंय?’’ गावाचं नाव सांगितलं. त्यांनी फोन काढला. ‘‘हॅलो, कंट्रोलरसाहेब, उसामुळं अडकलोय. मुक्कामीचे पॅसेंजर आहेत माझ्याकडं. एक आजी आहेत, बरं नाही त्यांना. पंधरा मिनिटं धरा गाडी.’’ आणि फोन ठेवून गाडीभर ओरडल्या, ‘‘मुक्कामीला कोण कोण आहे? हात वर करा!’’ सात हात वर झाले.

सात वाजून अठरा मिनिटांनी आम्ही पाटणला पोहोचलो. पलीकडच्या फलाटावर मुक्कामी गाडी उभी होती, इंजिन चालू, दिवे लागलेले. कंडक्टर सकाळचेच. दारात उभे राहून म्हणाले, ‘‘या आजी, तुमच्यासाठीच थांबलोय. सकाळी नेलं तेवढ्यांना परत आणलं नाही तर गाव मला विचारील की!’’ सकाळची पेपरवाली मुलगीही गाडीत होती. पेपर बरा गेला, म्हणाली. साडेआठला ड्रायव्हरने स्टॉपच्या पुढे जाऊन अगदी आमच्या बोळाच्या तोंडाशी गाडी उभी केली.

चार गाड्या, शंभर-एकशे दहा किलोमीटर, चौदा तास. आणि हाती काय, तर एक सही.

त्या रात्री पाय चेपता चेपता मी हिशेब करत होते. भाडं निम्मं झालं, आईसारखीला तर पूर्ण माफ झालं. त्यामुळे किती बायका घराबाहेर पडल्यात ते कुठल्याही स्टँडवर उभं राहिलं की दिसतं. ही गोष्ट लहान नाही. पण तिकीट स्वस्त झालं म्हणजे प्रवास सोपा झाला असं नाही. मोटार ज्याच्या हातात तो वेळ वाचवतो. उरलेल्यांना तो वेळ मोजावा लागतो, आणि घरातली मोटार किंवा मोटरसायकल बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात असते. वेळेच्या बदल्यात बाई आणखी काय काय मोजते, तर आपली तहान, आपली गोळी, आपलं मूत्राशय. याचं तिकीट कुठल्याच मशीनमधून निघत नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

आणि दुसरंही तितकंच खरं. संथ असली तरी ही गाडी माणसाला ओळखते. माझ्या मोटारीत बसून गेले असते तर दोन तासांत सही झाली असती. आईची गोष्ट मात्र मला कधीच कळली नसती. मोटारीत ती मागच्या सीटवर गप्प बसते आणि ‘मला न्हाई तहान’ म्हणते. मी मान्य करते, कारण मला लवकर परत यायचं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून काही गोष्टी ठरवल्या. खातं कराडलाच राहील. गावच्या डॉक्टरांकडे जाऊन गोळीबद्दल स्पष्ट सांगायचं, मी स्वतः बरोबर गेले आणि त्यांनी गोळी बदलूनही दिली. पहाटे निघायचं नाही, नऊच्या गाडीने जायचं, बँकेत गर्दीचे पहिले आठवडे टाळायचे. पिशवीत फोटोच्या शेजारी अर्ध्या लिटरची बाटली. कराडला उतरल्या उतरल्या आणि परतताना गाडीत बसण्याआधी जाऊन यायचंच, आणि कंडक्टरला सांगून जायचं. यातलं शेवटचं कलम आईला सगळ्यात अवघड गेलं. ‘‘बाप्या कंडक्टर असला तर? त्याला कसं सांगायचं?’’ मी म्हटलं, ‘‘‘जाऊन येते, थांबा’ एवढंच म्हण. त्यालाही आई आहे.’’ ती लाजली. पण ‘बघू’ म्हणाली.

तुमच्याही घरात अशी एखादी आई, सासू, मावशी असेल. ‘मी जाते माझी माझी’ म्हणणारी. तिला एकदा विचारून बघा, प्रवासाच्या दिवशी पाणी पितेस का? गोळी घेतेस का? ती हसून टाळेल. दुसऱ्यांदा विचारा. आणि जमलं तर एकदा तिच्याबरोबर तिच्याच गाडीने जा, तिच्याच वेगाने.

जानेवारीत एका दुपारी ऑफिसात असताना आईचा फोन आला. मागे भोंगे, गाड्यांचा गोंगाट, ‘पाटण, पाटण’ अशी आरोळी.

‘‘कुठे आहेस गं?’’

‘‘कराडच्या स्टँडवर. पासबुक भरलं. बांगड्या बी भरल्या. गाडी फलाटाला लागलीया.’’

‘‘मग बस ना गाडीत! जागा जाईल.’’

‘‘जाऊ दे जागा,’’ आई म्हणाली. ‘‘सांगून आलीया मी त्याला. आधी जाऊन येते.’’